चंदा संपला, कलम थांबलं

गेल्या डिसेंबरात आमच्या पुस्तकाचा चंदा पूर्ण झाला. गोंदियाकडच्या घरांतल्या नानी-दादींच्या गोष्टी, एका पानावर उर्दू, समोरच्या पानावर मराठी, असं ते पुस्तक. मोबाईलवरून पंचेचाळीस दिवस पैसे गोळा केले. शाळेला निघण्याआधी आवाहन पाठवायचं, मधल्या सुट्टीत शुक्रिया लिहायचा, इशानंतर हिशेब मांडायचा. शेवटी शेवटी तर माझा फोन गेला की नातेवाईक आधीच दबकत बोलायचे, आता ही पुन्हा मागणार म्हणून!

रक्कम जमली. घरात शिरखुर्मा झाला. आणि दुसऱ्या दिवशी कागद घेऊन बसले तर एक ओळ सुचेना. दादीच्या तोंडची परीची गोष्ट लिहायला घेतली आणि पहिलं वाक्य उमटलं, ‘आपल्या छोट्याशा मदतीने...’ मी हसले, मग घाबरले. दीड महिना फक्त आवाहनं लिहून माझी भाषाच हात पसरणारी झाली होती. लोकांचा पैसा म्हणजे अमानत, आणि पुस्तक ईदपर्यंत देतो असं मीच लिहून दिलेलं.

त्या दिवसांत डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर आठवले. ज्ञानकोशकार म्हणून ते सगळ्यांना माहीत आहेत, पण त्यांचा जन्म 1884 मध्ये रायपूरचा, म्हणजे आमच्याच रेल्वेलाईनवरचा, हे फारसं कुणी सांगत नाही. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातून डॉक्टरेट घेऊन आलेल्या या माणसानं मराठीत ज्ञानकोश करायचा म्हणून नागपुरात मंडळ काढलं आणि भांडवलासाठी गावोगाव फिरून भाग खपवले, ग्राहक मिळवले. आज आपण क्राउडफंडिंग म्हणतो ते याहून फार वेगळं नाही. खंड 1920 पासून निघू लागले आणि तेवीस झाले. या खटाटोपाचा इतिहासही त्यांनी ‘माझे बारा वर्षांचे काम’ या नावानं लिहून ठेवला आहे. सर सय्यद अहमद खान यांनीही अलिगढच्या कॉलेजसाठी असाच दारोदार चंदा मागितला होता.

मला नवल वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. ज्ञानकोशाचं काम चालू असतानाच केतकर कादंबरीकडे वळले. ‘गोंडवनातील प्रियंवदा’ ही त्यातलीच, नावातच आपला मुलूख. नोंदी, हिशेब, ग्राहक, छपाई यांत बुडालेला माणूस प्रेमाची, घरादाराची, समाजाची गोष्ट सांगत बसतो! कुणी म्हणेल, ही कसली विश्रांती? आमच्याकडचा शेतकरी मात्र लगेच ओळखेल. धान कापणीला यायच्या आधीच ओल्या बांधीत तो लाखोरी फेकतो. त्याला उतेरा म्हणतात. नांगर नाही, पाणी नाही. धान निघाल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर ती येते. जमीन रिकामी नसते, पण तिच्यावर धानाचा भारही नसतो.

तरी केतकरांचा कित्ता पुरा गिरवू नये, असं माझं मत आहे. मराठी कोशानं इतकं दमवल्यावरही त्यांनी गुजराती ज्ञानकोश अंगावर घेतला. तो तडीस गेला नाही. 1937 मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी ते गेले, तेही हलाखीत.

अम्मीचं म्हणणं साधं होतं: दुपारी कैलुला कर, संध्याकाळी फोन बंद ठेव. शरीराचाही आपल्यावर हक्क असतो, हे तिनं लहानपणापासून ऐकवलेलं; मला मात्र ते चाळिशी उलटल्यावर कळलं. महिनाभर मी लिहिलंच नाही. शाळेतून आले की मोहल्ल्यात बिडी वळणाऱ्या बायकांजवळ नुसती बसायचे. वही नाही, रेकॉर्डिंग नाही.

तिथे एक गोष्ट लक्षात आली, आणि ती कबूल करायला जड गेली. आवाहनात मी तीस गोष्टी देईन म्हटलं होतं. तीस का? तर आकडा भरीव दिसतो म्हणून! हातात होत्या सहा. बाकीच्या मी रात्री जागून ‘जुळवणार’ होते. या बायका ऐकवत होत्या त्या गोष्टींना मधेच उर्दू, मधेच झाडीबोली, मधेच छत्तीसगढी. माझ्या दोन नीटस पानांत त्या मावतच नव्हत्या.

मग प्रत्येक देणगीदाराला पत्र लिहिलं: पुस्तक ईदला येणार नाही, गोष्टी अठराच असतील, भाषा सरमिसळ असेल, ज्यांना पटत नसेल त्यांनी पैसे परत मागावेत. हे पत्र लिहिताना हात थरथरला, पण बऱ्याच दिवसांनी माझं स्वतःचं वाक्य कागदावर उतरलं. चौघांनी पैसे परत मागितले, ते दिले. एका नातेवाईकानं बोलणं टाकलंय.

आता लिहायची पद्धतही बदलली आहे. आधी तीनदा ऐकायचं, मग वर्गातल्या मुलांना तोंडी सांगायचं, आणि मुलं जिथे ‘पुढे?’ विचारतात तेवढंच लिहायचं. अकरा गोष्टी झाल्या. बारावी शेजारच्या खालाजानकडे अडली आहे. विहिरीतल्या जिन्नाचं पुढे काय झालं ते तिला आठवेना, आणि तेंदूपत्त्याचा हंगाम संपेपर्यंत मला काही विचारायचं नाही, असं तिनं बजावलंय.