उमराहच्या विमानात पाय आखडू देऊ नका

विंझरहून उमराहला निघालेले अम्मी-अब्बा आधी मुंबईपर्यंत गाडीत बसतात, मग जेद्दाहपर्यंत पाच-साडेपाच तास विमानात. स्वस्त तिकिटाच्या सीटच्या रांगांमधलं अंतर साधारण 28 ते 31 इंच. गुडघे पुढे टेकतात.

जागतिक आरोग्य संघटनेने 2007 मध्ये सांगितलं, की 4 तासांहून जास्त बसून प्रवास केला तर पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका जवळजवळ दुप्पट होतो. गाडीतसुद्धा. निरोगी माणसात हे प्रमाण 6 हजारांत एक; पण आधी गुठळी झाली असेल किंवा नुकतंच ऑपरेशन झालं असेल, तर डॉक्टरांना विचारूनच निघा.

वाटेत गाडी थांबवून चाला. विमानात कडेची सीट मागा, घोटे फिरवत राहा, पाणी प्या.

आणि उतरण्याची घाई संकटाची असेल, तर पिशवी सोडा. निम्म्याच दारांतून 90 सेकंदांत विमान रिकामं व्हावं, असा नियम आहे. अरुंद वाटेत एक पिशवी अडली, की मागचे सगळे अडतात.