विश्लेषण : लोकलमधला कॅमेरा कोणाच्या हाती? तृतीयपंथीय, रेल्वे आणि फोटोतील संमतीचा प्रश्न

मुंबईच्या लोकलमध्ये टाळी वाजवत पुढे येणाऱ्या तृतीयपंथीयाचा व्हिडीओ काढायचा आणि पुढचे स्थानक येण्याआधी तो समाजमाध्यमांवर टाकायचा, ही आता काही सेकंदांची गोष्ट झाली आहे. तमिळनाडूतील कूवागमच्या यात्रेतही दर वर्षी छायाचित्रकारांची झुंबड उडते. दोन्ही ठिकाणी तृतीयपंथीय बहुतेक वेळा कॅमेऱ्यासमोर असतात, कॅमेऱ्यामागे नाही. मुंबईच्या झोया लोबो यांनी मात्र लोकलमध्ये मागितलेल्या पैशांतून कॅमेरा घेतला आणि रेल्वे स्थानकाबाहेरच्या छायाचित्रांनीच त्यांना ओळख मिळवून दिली. रेल्वेत आणि मेळाव्यांत फोटो काढण्याचे नियम काय आहेत? कायदा कोणाला संरक्षण देतो? संमतीचा मुद्दा इतका महत्त्वाचा का?

झोया लोबो कोण आहेत?

झोया लोबो या देशातील पहिल्या पारलिंगी महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून ओळखल्या जातात. माहीम परिसरात वाढलेल्या झोया यांची शाळा लवकर सुटली. घर सुटल्यावर त्या तृतीयपंथीयांच्या गुरू-चेला परंपरेत आल्या आणि अनेक वर्षे लोकलमध्ये ‘मंगती’ करत राहिल्या. डब्यात फिरून पैसे मागण्याला समाजात हाच शब्द आहे. २०१८ च्या सुमारास तृतीयपंथीयांवरील एका लघुपटात त्यांना काम मिळाले. त्यातून माध्यमांची ओळख झाली आणि वार्तांकनाची संधी चालून आली. लोकलमध्ये मिळालेले पैसे साठवून त्यांनी जुना, वापरलेला कॅमेरा विकत घेतला. त्यांनी छायाचित्रणाचे रीतसर शिक्षण घेतलेले नाही. कॅमेरा हाताळत आणि मुंबईतील अनुभवी वृत्तछायाचित्रकारांकडून बारकावे समजून घेत त्या शिकल्या.

वांद्रे स्थानकाबाहेर काय घडले?

करोना टाळेबंदीमुळे मार्च २०२० च्या अखेरीस देशभरातील प्रवासी रेल्वे आणि मुंबईची लोकल थांबली. लोकल थांबताच मंगतीवर जगणाऱ्यांचे उत्पन्नही एका दिवसात शून्यावर आले. १४ एप्रिल २०२० रोजी सकाळी टाळेबंदी ३ मेपर्यंत वाढवल्याची घोषणा झाली. त्याच दिवशी दुपारी गावी जाण्यासाठी गाडी मिळावी म्हणून हजारो स्थलांतरित मजूर वांद्रे स्थानकाबाहेर जमले. पोलिसांनी लाठीमार करून गर्दी पांगवली. झोया यांनी तेथे काढलेली छायाचित्रे वृत्तमाध्यमांपर्यंत पोहोचली आणि त्यांचे नाव चर्चेत आले. मजुरांसाठीच्या श्रमिक विशेष गाड्या त्यानंतर १ मेपासून सुरू झाल्या.

इथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. झोया यांना ओळख देणारे हे काम तृतीयपंथीयांवर नव्हते. तृतीयपंथीय पत्रकाराने फक्त आपल्याच समाजाविषयी सांगावे, अशी अपेक्षा बऱ्याचदा असते. वांद्र्यात त्या शहरातील एका मोठ्या घटनेच्या साक्षीदार होत्या, इतर कोणत्याही वृत्तछायाचित्रकारासारख्या. मात्र नाव झाले तरी नियमित पगार लगेच सुरू झाला नाही. मुक्त छायाचित्रकाराला फोटो विकला गेला तरच पैसे मिळतात. त्यामुळे पुढेही काही काळ पोटासाठी त्यांना लोकलमध्येच जावे लागत होते.

रेल्वे स्थानक छायाचित्रकारांना का खुणावते?

मुंबईत सर्व थर एकाच ठिकाणी दिसतात ते स्थानकात. रघू राय यांचे १९९५ चे चर्चगेट स्थानकाचे छायाचित्र प्रसिद्ध आहे. फलाटावरची गर्दी धूसर होऊन वाहते आहे आणि त्यात वृत्तपत्र वाचणारे काही जण तेवढे स्थिर आहेत. २६ नोव्हेंबर २००८ रोजी वृत्तछायाचित्रकार सेबॅस्टियन डिसूझा यांनी छत्रपती शिवाजी टर्मिनसमध्ये दहशतवादी अजमल कसाबचे छायाचित्र टिपले. ते पुढे खटल्यात पुरावा ठरले. म्हणजे स्थानकातला फोटो कधी शहराचे चित्र असतो, तर कधी थेट न्यायालयात जाणारा दस्तऐवज.

रेल्वेत फोटो काढायला परवानगी लागते का?

चित्रपट, मालिका, जाहिरात अशा व्यावसायिक चित्रीकरणासाठी रेल्वेची आगाऊ परवानगी आणि शुल्क लागते. मुंबईत त्यासाठी मध्य किंवा पश्चिम रेल्वेच्या जनसंपर्क विभागाकडे अर्ज करावा लागतो. घरच्यांना निरोप देताना मोबाइलवर काढलेल्या फोटोकडे या दृष्टीने पाहिले जात नाही. पण सुरक्षेच्या कारणावरून रेल्वे सुरक्षा दल किंवा लोहमार्ग पोलिसांनी थांबवले तर थांबावे लागते. फोटोसाठी रुळांवर उतरणे मात्र थेट गुन्हा आहे. रेल्वे कायदा, १९८९ च्या कलम १४७ मध्ये रेल्वेच्या हद्दीत बेकायदा शिरण्यावर कारवाईची तरतूद आहे.

याच कायद्याचे कलम १४४ डब्यात आणि स्थानकात विनापरवाना विक्री करण्याला आणि भीक मागण्याला मनाई करते. त्यामुळे मंगती करणाऱ्या तृतीयपंथीयांवर कारवाईची टांगती तलवार कायम असते. प्रवाशाने काढलेला व्हिडीओ त्यांना म्हणूनच दुहेरी अडचणीचा ठरतो. एकीकडे चेहरा सर्वत्र पसरतो, दुसरीकडे तोच व्हिडीओ त्यांच्याविरुद्ध पुरावा म्हणून दाखवला जाऊ शकतो. याचा अर्थ डब्यातील दमदाटीची तक्रार करू नये असा नाही. जबरदस्ती झाल्यास रेल्वेच्या १३९ या मदत क्रमांकावर तक्रार करता येते. पण तक्रार यंत्रणेकडे करणे वेगळे आणि चेहरा जगासमोर टाकून हशा पिकवणे वेगळे.

कूवागमची यात्रा काय आहे?

तृतीयपंथीयांच्या देशातील मोठ्या मेळाव्यांत कूवागमचे नाव अग्रक्रमाने येते. तमिळनाडूच्या कळ्ळकुरिची जिल्ह्यातील या खेड्यात कूत्तांडवर म्हणजेच अरवान या देवाचे मंदिर आहे. दर वर्षी चैत्र-वैशाखाच्या सुमारास, तमिळ चित्तिरै महिन्यात, तेथे उत्सव भरतो. मुंबई-पुण्याहूनही गटागटाने तृतीयपंथीय रेल्वेने तेथे जातात. विळुप्पुरम जंक्शनला उतरायचे आणि पुढे बसने कूवागम गाठायचे, हा नेहमीचा मार्ग.

यात्रेमागची कथा महाभारताशी जोडलेली आहे. पांडवांच्या विजयासाठी अर्जुन आणि उलुपी यांचा पुत्र अरवान बळी जायला तयार होतो. मरण्यापूर्वी लग्न व्हावे, ही त्याची इच्छा असते. दुसऱ्या दिवशी विधवा होण्यास कोणी तयार होत नाही, तेव्हा कृष्ण मोहिनीचे रूप घेऊन त्याच्याशी लग्न करतो. कूवागममध्ये जमलेले तृतीयपंथीय स्वतःला अरवानच्या वधू मानतात. पुजाऱ्याच्या हातून गळ्यात ताळी, म्हणजे आपल्याकडचे मंगळसूत्र, बांधून घेतात. रात्र गाण्यानाचण्यात जाते. दुसऱ्या दिवशी अरवानचा बळी झाला की ताळी तोडली जाते, बांगड्या फोडल्या जातात आणि पांढरी साडी नेसून शोक केला जातो. सौंदत्तीच्या यल्लम्माची मार्गशीर्षातील ‘रांडाव पुनव’ ठाऊक असलेल्या मराठी वाचकांना हा विधी अगदी परका वाटणार नाही.

कूवागम म्हणजे फक्त विधी नव्हे. वर्षभर वेगवेगळ्या शहरांत विखुरलेल्या मैत्रिणी येथे भेटतात. विळुप्पुरममध्ये सौंदर्यस्पर्धा होते, आरोग्याविषयीचे कार्यक्रम होतात, हक्कांवर चर्चा होते.

मग मेळाव्यातील कॅमेरा वादाचा का ठरतो?

कारण मेळावा सार्वजनिक असला तरी त्यात येणारा प्रत्येक जण सर्वांसमोर उघड असतोच असे नाही. गावाकडे पुरुषाच्या वेशात राहणारी, घरच्यांपासून ओळख लपवून ठेवलेली व्यक्ती वर्षातून एकदा साडी नेसून तेथे येते. तिचा फोटो व्हायरल झाला तर घर, नोकरी, भाड्याची खोली, सारे एका रात्रीत पणाला लागते. शोकाच्या क्षणी चेहऱ्याच्या अगदी जवळ नेलेली लेन्सही अनेकांना खुपते. रडणाऱ्या बाईचे चित्र आकर्षक असते, पण तो तिच्या श्रद्धेचा क्षण असतो.

दिल्लीत २००८ मध्ये निघालेल्या पहिल्या अभिमान पदयात्रेत अनेकांनी मुखवटे लावले होते. तेव्हा समलैंगिक संबंध कलम ३७७ खाली गुन्हा होते. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांमधील संमतीचे संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून वगळले. कायद्याची भीती कमी झाली, घरच्यांची भीती मात्र सर्वांची गेलेली नाही.

संमती घेतली तर काय बदलते?

छायाचित्रकार दयानिता सिंग आणि दिल्लीच्या मोना अहमद यांचे उदाहरण यासाठी बोलके आहे. १९८९ मध्ये सिंग एका ब्रिटिश वृत्तपत्रासाठी तृतीयपंथीयांची छायाचित्रे काढण्यास मोना यांच्याकडे गेल्या होत्या. ही छायाचित्रे लंडनमध्ये छापली जाणार, हे कळल्यावर मोना यांनी फिल्म परत मागितली, कारण त्यांचे नातेवाईक तेथे होते. सिंग यांनी ती देऊन टाकली. काम हातचे गेले, पण दोघींमध्ये विश्वास निर्माण झाला. मोना यांनी दत्तक मुलगी आयेशाच्या वाढदिवसांना दूरदूरच्या तृतीयपंथीयांना बोलावून मोठे सोहळे केले. त्यांची छायाचित्रे काढणाऱ्या सिंग तेथे पाहुण्या म्हणून होत्या. २००१ मध्ये या छायाचित्रांचे ‘मायसेल्फ मोना अहमद’ हे पुस्तक आले. त्यात मोना यांचे स्वतःचे शब्दही आहेत. पहिल्या दिवशी फिल्म परत केली नसती, तर हे पुस्तक झाले नसते.

कायदा काय सांगतो?

१५ एप्रिल २०१४ च्या ‘नाल्सा’ निकालात सर्वोच्च न्यायालयाने तृतीय लिंगाला मान्यता दिली आणि लिंगओळख हा सन्मानाने जगण्याच्या हक्काचा भाग मानला. २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरला. सार्वजनिक जागी कोणाचाही फोटो काढण्यास सरसकट बंदी घालणारा कायदा देशात नाही. पण फोटो काढता येतो, म्हणजे तो कसाही वापरता येतो असे नाही. त्यासोबत बदनामी, धमकी किंवा छळ असेल तर कारवाई होऊ शकते.

तृतीयपंथीय व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) कायदा संसदेने २०१९ मध्ये संमत केला आणि तो १० जानेवारी २०२० पासून लागू झाला. त्याच्या कलम १८ मध्ये सार्वजनिक ठिकाणी वावरण्यास अडवणे, तसेच शारीरिक, लैंगिक, शाब्दिक, भावनिक किंवा आर्थिक छळ करणे यांसाठी सहा महिने ते दोन वर्षे कैद आणि दंडाची शिक्षा ठेवण्यात आली. आधीच्या मसुद्यात तृतीयपंथीयांना भीक मागायला लावण्याचा स्वतंत्र गुन्हा होता. गुरू-चेला व्यवस्थेवर आणि मंगतीवर जगणाऱ्यांवर त्याचा वरवंटा फिरेल, असा आक्षेप समाजातून आल्यावर तो उल्लेख वगळण्यात आला.

रेल्वेत बदल दिसतो का?

काही प्रमाणात. २०१६ मध्ये रेल्वे आरक्षणाच्या अर्जात तृतीयपंथीय असा पर्याय आला. कोची मेट्रोने २०१७ मध्ये तृतीयपंथीयांना नोकरीत घेतले. मात्र त्यातील काहींनी थोड्याच दिवसांत काम सोडले, कारण शहरात त्यांना कोणी खोली भाड्याने देईना. मार्च २०२३ मध्ये गुवाहाटी स्थानकात तृतीयपंथीय चालवत असलेला चहाचा स्टॉल सुरू झाला. पैसे मागण्याखेरीज स्थानकात दुसरेही काम करता येते, हे या उदाहरणांतून दिसते. पण नुसती नोकरी पुरत नाही, राहायला घरही लागते, हे कोचीने दाखवून दिले. २०११ च्या जनगणनेत ४ लाख ८७ हजारांहून अधिक व्यक्तींची नोंद ‘इतर’ या लिंग गटात झाली होती. त्या तुलनेत या संधी अगदी तुरळक आहेत.

मोबाइल हातात असलेल्या प्रवाशाने काय लक्षात ठेवावे?

फोटो काढण्याआधी विचारावे. नकार मिळाला तर कॅमेरा खाली करावा. काढलेला फोटो काढून टाकायला सांगितले तर काढून टाकावा. यात्रेत किंवा पदयात्रेत जवळून चेहरा टिपताना तो कुठे प्रसिद्ध होणार, हे आधी सांगावे. ‘माझा फोटो लंडनमध्ये छापू नका’ असे मोना यांना सांगता आले, कारण तो कुठे जाणार हे त्यांना वेळेत कळले. मोबाइलच्या काळात फोटो काही क्षणांत कुठेही जाऊ शकतो, म्हणून आधी विचारण्याची जबाबदारीही तेवढीच वाढते.

वृत्तसंस्था आणि वृत्तपत्रांपुढचा प्रश्न याहून मोठा आहे. तृतीयपंथीयांच्या मेळाव्यांचे फोटो दर वर्षी छापले जातात. त्या फोटोंखालच्या श्रेयओळीत तृतीयपंथीय छायाचित्रकाराचे नाव मात्र क्वचितच दिसते. वांद्र्याच्या त्या गर्दीत एक जण जुना कॅमेरा घेऊन पोहोचली, तेव्हा तिचे काम छापले गेले. तसे काम नियमित आणि पुरेशा मोबदल्याने मिळाले, तर कॅमेरा असलेल्या कोणालाही पोटासाठी पुन्हा डब्यात हात पसरावा लागणार नाही.