बसा गाडीत, वीस कोटी प्रथिनं!

65! 1965 साली अमेरिकेत मार्गारेट डेहॉफ यांनी प्रथिनांच्या क्रमांचा पहिला अ‍ॅटलास काढला, तेव्हा त्यात प्रथिनं होती एवढीच. रेल्वेच्या जुन्या पद्धतीच्या स्लीपर डब्यात 72 बर्थ असतात. एकेका प्रथिनाला एकेक बर्थ दिला असता, तरी सात रिकामे राहिले असते!

आता युनिप्रोट या जागतिक कोशाकडे वळू. इथल्या नोंदी 20 कोटींच्या पुढे गेल्या. बसवा सगळ्यांना गाडीत! डबे लागतील सत्तावीस लाखांहून जास्त. 24 डब्यांची गाडी धरली, तर गाड्या एक लाख पंधरा हजार! सगळे डबे एकामागे एक जोडा. मुंबई-पुणे हा 192 किलोमीटरचा लोहमार्ग तीनशेहून जास्त वेळा भरेल. पृथ्वीला एक वेढा पूर्ण आणि दुसरा अर्ध्यावर!

हे झाले नुसते प्रवासी. आता त्यांचं सामान उघडू. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी, आणि दर आम्लाला एक अक्षर. ही एकाक्षरी खूणही डेहॉफ यांचीच देणगी. इन्सुलिनची अक्षरं फक्त 51, पण ती लावता लावता फ्रेडरिक सँगर यांची दहाएक वर्षं गेली आणि 1958 चं नोबेल मिळालं. स्नायूंतल्या टायटिनची अक्षरं 34,000 च्या वर! सरासरी साडेतीनशे धरू. गुणाकार करा: सात हजार कोटी अक्षरं! सेकंदाला एक, रात्रंदिवस वाचत राहिलं तर 2,200 वर्षं. सम्राट अशोकानंतर काही दशकांत वाचायला बसलेला माणूस आज कुठे शेवटच्या ओळीशी पोचला असता.

युनिप्रोटमधल्या स्विस-प्रोट या विभागात तज्ज्ञांनी शोधनिबंध वाचून, पारखून घेतलेल्या नोंदी पावणेसहा लाखांच्या आसपास. 1,728 प्रवाशांच्या गाडीत असे जेमतेम पाच! 1986 पासून हे काम चालू आहे.

आणि आकार? 1971 मध्ये प्रथिनांच्या आकारांची बँक उघडली ती सात आकारांवर. पन्नास वर्षांत जगभरच्या प्रयोगशाळांनी तो आकडा दोन लाखांच्या जवळ नेला. जुलै 2022 मध्ये अल्फाफोल्ड या प्रणालीने संगणकावर वर्तवलेले आकार आले 20 कोटींहून जास्त. एकदम हजारपट!

आता किंमत. नोंदीला एक रुपया लावला, तरी युनिप्रोटचे 20 कोटी रुपये होतात. प्रत्यक्षात लागतात शून्य रुपये! जिनिव्हातला प्राध्यापक असो की गडचिरोलीतली विद्यार्थिनी, सगळा खजिना दोघांना सारखाच खुला. आणि उद्या तिला नवा क्रम सापडला, तर तोही याच खजिन्यात जमा होईल, सगळ्या जगासाठी!