रेल्वे गावात आली नव्हती, तरी हिवरखेड बदलले! एकोणिसाव्या शतकात वऱ्हाडात नेमके काय घडले?

अकोला–अकोट ब्रॉडगेज सुरू झाल्यापासून अकोटच्या पुढे, हिवरखेडच्या दिशेने रूळ कधी सरकणार, याची चर्चा सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत सुरू असते. या भागात रेल्वे आली ती स्वातंत्र्यानंतर, अकोला–खंडवा मीटरगेज मार्गाच्या रूपाने. पण आगगाडीने येथील आयुष्य बदलायला सुरुवात केली होती त्याच्या तब्बल शंभर वर्षे आधी. गावात रूळ नाही, तारघर नाही, वाफेचे यंत्र नाही; तरीही शेतात काय पेरायचे, अंगावर काय घालायचे आणि दुष्काळात काय खायचे, हे सारे बदलले. हे कसे घडले, ते समजून घेऊ.

आगगाडीपूर्वी कापूस कसा जात असे?

वऱ्हाडात कापूस पूर्वीपासूनच पिकत होता. मात्र तो बाहेर नेणे अवघड होते. काळ्या मातीतले रस्ते पावसाळ्यात बंद पडत. माल न्यायचा तो बंडीने किंवा लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून. अमरावतीचा कापूस गंगाकाठच्या मिर्झापूरला जात असे. हे अंतर सुमारे ८०० किलोमीटर. वाटेत धूळ, पाऊस आणि चोरी यांचे नुकसान वेगळेच.

म्हणून बराचसा कापूस घरी आणि आसपासच वापरला जाई. हातरेच्यावर सरकी काढायची, घरातल्या बायकांनी सूत कातायचे आणि गावातल्या किंवा जवळच्या गावातल्या विणकराने कापड विणायचे, अशी ती साखळी होती. ज्वारी मात्र पोटापुरती हमखास पेरली जाई. चांगल्या वर्षीची जादा ज्वारी जमिनीत खोदलेल्या पेवांत साठवून ठेवण्याची रीत होती. पीक बुडाले की पेव उघडायचे, हाच त्या काळचा दुष्काळविमा.

रूळ वऱ्हाडातच का आले?

१८५३ हे वर्ष दोन कारणांनी महत्त्वाचे. त्या वर्षी १६ एप्रिलला बोरीबंदर ते ठाणे ही पहिली प्रवासी गाडी धावली आणि त्याच वर्षी निजामाने वऱ्हाडचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे सोपवला. इंग्लंडमधील लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस हवा होता आणि तो प्रामुख्याने अमेरिकेतून येत होता. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील बंदरांची नाकेबंदी झाली आणि गिरण्यांची नजर हिंदुस्थानच्या कापसाकडे वळली.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे रूळ भुसावळहून वऱ्हाडात शिरले आणि मलकापूर, शेगाव, अकोला, बडनेरामार्गे १८६७ मध्ये नागपूरला पोहोचले. खामगाव आणि अमरावती या कापसाच्या दोन मोठ्या बाजारपेठा मुख्य मार्गापासून थोड्या बाजूला होत्या. त्यांच्यासाठी खास फाटे टाकले गेले. खामगावचा फाटा १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते सुरू झाला, अमरावतीचा १८७१ मध्ये. खामगाव तेव्हा अकोला जिल्ह्यातच होते.

महिनाभराहून अधिक काळचा प्रवास दोन-तीन दिवसांवर आला. वाफेवरच्या प्रेसमध्ये रुई दाबून घट्ट गाठी बांधता येऊ लागल्या. त्यामुळे एका डब्यात जास्त माल मावू लागला. व्होल्कार्टसारख्या युरोपीय पेढ्यांचे लोक थेट खामगावच्या बाजारात उतरले.

तारेने काय बदलले?

१८६५ मध्ये हिंदुस्थान आणि युरोप तारायंत्राने जोडले गेले. १८७० मध्ये समुद्राखालून टाकलेल्या तारेने मुंबई–लंडन संपर्क आणखी भरवशाचा झाला. सुएझ कालवा १८६९ मध्येच खुला झाला होता. लिव्हरपूलच्या बाजारातला भाव जहाजाने यायला पूर्वी आठवडे लागत. आता तो तारेने काही तासांत मुंबईला आणि तिथून वऱ्हाडात येऊ लागला.

याचा फायदा सर्वांना सारखा झाला नाही. तारेची बातमी आधी पेढीला कळे, मग अडत्याला आणि शेवटी बंडी घेऊन आलेल्या शेतकऱ्याला. सातपुड्याच्या पायथ्याशी पिकलेल्या कपाशीचा भाव आता हजारो मैलांवर ठरत होता आणि तो का चढला, का पडला, हे पिकवणाऱ्याला उमगत नव्हते. १८६५ मध्ये अमेरिकेतले युद्ध संपताच कापसाचे भाव कोसळले आणि मुंबईतल्या सट्ट्याचा फुगा फुटला. त्याचे हादरे कापूस पिकवणाऱ्या प्रदेशांपर्यंत पोहोचले.

घरातला चरखा का थांबला?

जी गाडी रुई घेऊन मुंबईला जाई, तीच परतताना विलायती सूत आणि कापड आणी. हे आपोआप झाले नाही. मध्य प्रांत व वऱ्हाडचे कॉटन कमिशनर रिव्हेट-कार्नाक यांनी रेल्वेच्या फाट्याचे फायदे सांगताना हा हिशेब उघडपणे मांडला होता. विलायती कापड स्वस्तात आले की देशी कापड मागे पडेल, घरी वापरला जाणारा कापूस निर्यातीला मिळेल आणि सूत कातणारे व विणणारे हात शेतमजुरीला मोकळे होतील, असे त्यांचे म्हणणे होते.

घडलेही बरेचसे तसेच. सूत कातून चार पैसे मिळवणाऱ्या बायकांची कमाई गेली. अनेक विणकर मजूर झाले. लमाणांच्या तांड्यांचा वाहतुकीचा धंदा बसला.

रोजच्या जगण्यात काय आले?

सगळेच बदल तोट्याचे नव्हते. काही तर सोयीचे आणि हवेहवेसे होते.

टपाल : १८५४ पासून अर्ध्या आण्यात पत्र देशात कुठेही जाऊ लागले. १८७९ मध्ये पाव आण्याचे पोस्टकार्ड आले, १८८० मध्ये मनीऑर्डर. परगावी कामाला गेलेल्या माणसाची खुशाली आणि पैसा दोन्ही घरपोच येऊ लागले.

वेळ : ‘दिवस कासराभर वर आला’ असे म्हणून चालणाऱ्या व्यवहारात घड्याळाचा काटा शिरला. गाडी कोणासाठी थांबत नव्हती. त्या काळी रेल्वेचा कारभार मद्रासच्या वेळेवर चाले. भारतीय प्रमाणवेळ लागू झाली ती १ जानेवारी १९०६ पासून.

उजेड : करडई-जवसाच्या तेलाच्या दिव्याशेजारी शतकाच्या अखेरीस रॉकेलची चिमणी आली.

वाचन : अकोल्यातून ‘वऱ्हाड समाचार’, अमरावतीतून ‘प्रमोदसिंधु’ अशी मराठी पत्रे निघू लागली.

सभा : डिसेंबर १८९७ मध्ये काँग्रेसचे अधिवेशन अमरावतीत भरले. देशभरातून प्रतिनिधी तिथे येऊ शकले, ते रेल्वेमुळेच.

भाषा : तिकीट, डबा, टेशन, गार्ड हे शब्द गाडी न पाहिलेल्यांच्याही तोंडी बसले. ‘आगगाडी’ हा शब्द तर मराठीने स्वतःच घडवला.

मग दुष्काळ इतका भीषण का ठरला?

या बदलाची खरी किंमत शतकाच्या शेवटी कळली. कपाशीचे क्षेत्र वाढत गेले, धान्यालाही बाहेरचे गिऱ्हाईक मिळाले आणि पेवे रिकामी राहू लागली. १८९६–९७ मध्ये टंचाई आली आणि १८९९ मध्ये पावसाने पुन्हा दगा दिला. हाच तो ‘छपन्नाचा दुष्काळ’. विक्रम संवत १९५६ वरून हे नाव पडले.

रेल्वेने बाहेरून धान्य आणता येत होते, आणलेही गेले. पण ते विकत घ्यायला पैसा लागे. कपाशी बुडाली, शेतात मजुरी नव्हती, कातण्या-विणण्याचा जोडधंदा आधीच गेला होता. बाजारात धान्य दिसत असूनही मजुराच्या घरी चूल पेटत नव्हती. १८९१ च्या जनगणनेत वऱ्हाडची लोकसंख्या सुमारे २८.९७ लाख होती. १९०१ मध्ये ती २७.५४ लाखांवर आली. दहा वर्षांत ती वाढायची, तर सुमारे दीड लाखाने घटली.

आज याचा अर्थ काय?

रेल्वे, तार आणि वाफेच्या यंत्राने वऱ्हाडाला जगाशी जोडले, हे खरे. पण जोडणी कशासाठी आणि कोणाच्या सोयीने झाली, यावर लाभ कोणाचा हे ठरले. रूळ टाकणाऱ्यांनी कापसाचा विचार केला. कापूस पिकवणाऱ्याच्या पोटाची तजवीज कोणी केली नाही.

आज हिवरखेडच्या शेतकऱ्याला कापसाचा भाव मोबाइलवर दिसतो. जागतिक बाजारातली घसरणही त्याच दिवशी कळते. मात्र भाव कळणे आणि भाव ठरवता येणे यांतले अंतर दीडशे वर्षांनंतरही फारसे कमी झालेले नाही. अकोटच्या पुढची ब्रॉडगेज येईल तेव्हा प्रवास नक्कीच सोपा होईल. त्या गाडीतून गावाचा माल कोणत्या भावाने बाहेर जाईल, हा प्रश्न मात्र १८७० इतकाच आजही महत्त्वाचा आहे.