पेढीचा संगणक आणि मुलांचे खेळ

आपल्यापैकी अनेकांच्या घरी पेढीचे हिशेब, जीएसटीची विवरणपत्रे व मुलांचे खेळ एकाच संगणकावर चालतात. यात धोका खेळापेक्षा अधिकाराचा अधिक आहे. प्रशासकाची अनुमती देऊन चालविलेल्या खेळाबरोबर अपायकारक प्रोग्राम आलाच, तर सारा संगणक त्याच्या हाती जातो.

म्हणून मुलांसाठी विंडोजमध्ये निराळे ‘स्टँडर्ड’ खाते उघडावे, प्रशासकाचा पासवर्ड वडील मंडळींनी स्वतःजवळ ठेवावा व हिशेबाचे फोल्डर त्या खात्यास बंद करावे.

काही जुने खेळ अशा खात्यात अडतात. २००७ साली विंडोज व्हिस्टा येण्यापूर्वी घरोघरी बहुधा प्रशासकाच्या खात्यानेच काम चाले. त्यामुळे ते खेळ आपली नोंद ‘प्रोग्राम फाइल्स’ या संरक्षित फोल्डरातच लिहू पाहतात. तेवढ्यासाठी मुलास प्रशासक करू नये. खेळ स्वतंत्र फोल्डरात बसवावा आणि केवळ त्या फोल्डरात लिहिण्याची परवानगी मुलाच्या खात्यास द्यावी. वखारीवरील माणसास आपण वखारीची किल्ली देतो, तिजोरीची नव्हे. परिग्रहपरिमाण जाणणाऱ्या समाजास ही मर्यादा नवी नाही.

शिवाय हिशेबाची एक प्रत बाहेरील डिस्कवर घेऊन ती डिस्क संगणकापासून अलग ठेवावी.