अडचणीच्या वस्तूंना हक्काची जागा

स्वयंपाकघरातील बहुतेक वस्तू शहाण्या मुलांसारख्या असतात. डबे ओळीने बसतात, वाट्या एकीत एक शिरतात. परंतु विळी, झाकण्या, पोळपाट-लाटणे अशा काही वस्तू कोठेच नीट मावत नाहीत. हैदराबादेतील काचीगुडा, सुलतान बाजार या भागांतील मराठी गृहिणींना हा अनुभव नवा नाही. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना होऊन मराठवाडा मुंबई राज्यात गेला, तरी कित्येक मराठी कुटुंबे याच शहरात राहिली. पुढे अनेकांचे वाडे गेले व सदनिका आल्या. कोठीची खोली नाहीशी झाली, भिंतीतले कोनाडे बुजले. भांडी मात्र तीच राहिली.

यांत पहिली काळजी घ्यावयाची ती विळीची. तिची जागा चुकली तर ती केवळ गैरसोय नव्हे. रांगत्या मुलाच्या हाताला ती कायमची इजा करू शकते. विळी मिटणारी असेल, तर काम होताच ती मिटावी. नसेल, तर पात्याच्या लांबीचा जाड रबरी नळीचा तुकडा घ्यावा, एका बाजूने उभा चिरावा आणि जपून धारेवर चढवावा. नळी लवचीक असल्याने पात्याच्या बाकाप्रमाणे वळते. खोवणीच्या दात्यांवर जाड कापडाची दुहेरी पिशवी नाडीने बांधावी. मात्र तत्पूर्वी पाते कोरडे पुसून त्यावर तेलाचा बोळा फिरवावा. ओलसर पाते झाकले, तर त्यावर गंज चढतो. मग धार भिंतीकडे वळवून विळी उंच फळीवर ठेवावी.

झाकण्यांचा उपाय याहून सोपा आहे. फळीच्या तुकड्यावर दोन-दोन बोटांच्या अंतराने खुंट्यांच्या जोड्या ठोकाव्यात व त्यांत झाकण्या उभ्या ठेवाव्यात. हवी ती झाकणी इतरांना धक्का न लावता निघते. लाटण्यासाठी भिंतीवर जाड फितीचे दोन फास पुरेत. हवेशीर राहिल्याने लाकडाला बुरशी येत नाही.

आणखी एक अवघड वस्तू म्हणजे वर्षाची चिंच. हैदराबादी खट्टी दाळ असो वा बगारे बैंगन, या शहरात चिंचेवाचून चालत नाही. पण चिकट, आंबट चिंच पितळी वा तांब्याच्या भांड्यात ठेवली, तर ती कळकते. आम्लामुळे धातूचा अंश तिच्यात उतरतो व ती खाण्यास अपायकारक होते. म्हणून चिंचोके काढून, उन्हात वाळवून, थराथराला मीठ घालून ती चिनीमातीच्या बरणीत दाबून भरावी आणि काढताना चमचा कोरडा असावा.

या साऱ्यांस खर्च तो कितीसा? नळीचा तुकडा, थोड्या खुंट्या, एक फीत! सवड होईल तसे बाकीचे करावे. विळीचे काम मात्र आजच उरकावे.