छातीत कळ? दरवेळी ‘अटॅक’च नसतो, बॉस!

मी नोकरीला पुण्यात, आई-बाबा चंद्रपुरात. आपल्यापैकी कित्येकांचं असंच आहे. म्हणून एक शब्द माहीत हवाच: एओर्टिक डिसेक्शन.

हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी म्हणजे महाधमनी. तिच्या भिंतीला तीन थर. आतला थर फाटला की रक्त थरांमध्ये घुसतं आणि भिंत उसवत जाते. कळ अचानक येते, पहिल्याच क्षणी सगळ्यात जोरात. छातीत किंवा पाठीत, काहीतरी फाटल्यासारखी.

घोळ इथेच होतो

अटॅक समजून गुठळी विरघळवणारं इंजेक्शन दिलं, तर जिवावर बेतू शकतं. दोन्ही हातांच्या बीपीत २० पेक्षा जास्त फरक आला, तर डॉक्टरांना शंका येते. पक्कं निदान सीटी अँजिओग्राफीने. तोवर शिरेतून औषध देऊन ठोके आणि बीपी खाली आणतात. फाट हृदयाजवळ असेल तर तातडीने ऑपरेशन. खाली उतरणाऱ्या भागात असेल तर बऱ्याचदा औषधांवर, कधी स्टेंट-ग्राफ्टवर भागतं.

हे ऑपरेशन १९५० च्या दशकात विकसित करणारे अमेरिकन सर्जन मायकल डीबेकी यांनाच ३१ डिसेंबर २००५ ला, वयाच्या ९७ व्या वर्षी, हे झालं! फेब्रुवारी २००६ मध्ये ऑपरेशन झालं, ते २००८ पर्यंत जगले.

आपला नकाशा

हृदयाजवळची फाट असेल तर सुरुवातीला तासागणिक धोका वाढतो. आणि अशा ऑपरेशनसाठी आपल्याकडे बहुतेकांना नागपूर गाठावं लागतं. चंद्रपूरहून सुमारे १५० किलोमीटर. सिरोंच्याहून तर गडचिरोलीच २०० किलोमीटरच्या आसपास! म्हणून खरी लढाई आधीच लढायची, बीपीशी. या आजाराचं सगळ्यात मोठं कारण तेच. गडचिरोलीच्या ‘सर्च’ संस्थेच्या २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पाहणीतल्या गावांमध्ये साधारण सातातला एक मृत्यू पक्षाघाताने झालेला आढळला. पक्षाघातामागेही मोठा हात बीपीचाच. तेव्हा ‘बीपी म्हणजे शहरातलं टेन्शन’ हा गैरसमज सोडा.

पाठ करून ठेवा

• अचानक, फाटल्यासारखी कळ आली तर लगेच १०८.
• कळ कधी, कुठे सुरू झाली, कुठे सरकली, हे डॉक्टरांना नेमकं सांगा.
• ‘दोन्ही हातांचं बीपी बघता का?’ हे विचारायला लाजू नका.
• मनाने रक्त पातळ करणारी गोळी देऊ नका.
• बरं वाटतंय म्हणून बीपीची गोळी बंद नको. बाबा ‘काही होत नाही जी’ म्हणाले, तरी!